मास्टर सिलेंडर बदलला तेव्हा

जुनी जीप बाळगली की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपसूक घरी येऊन बसतात. नांदेडात आमची टोळी तिघांची: मी, किराणा दुकानवाले अप्पा आणि मेकॅनिक सलीमभाई. मधोमध माझी जीप, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी! पायाचा जोर चारही चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा तिचा मास्टर सिलेंडर आम्ही बदलला, त्याचीच ही भानगड.

*

सुरुवात किल्लारीला झाली, माझ्या सासुरवाडीला. बारशाचे पाहुणे दारात उभे. मी रुबाबात वळण घेतलं, ब्रेक दाबला, आणि जीप थेट कडब्याच्या गंजीत!

सासरे धावत आले. माझ्या डोक्यावरचा कडबा काढत म्हणाले, "जावईबापू, घरात सैपाक तयार हाय की!"

सगळे हसले. माझी बायको सुनीता हसली नाही. "ह्या गाडीत पुन्हा बसणार न्हाई!" आणि खरंच बसली नाही. दोन वर्षं ती एसटीनं पुढं, मी जीप घेऊन मागं. खोटं कशाला बोलू, ती शेजारी नसली की मला गाडी चालवायला करमायचंच नाही.

*

शेवटी सलीमभाईंनी गाडीखाली डोकावून निकाल दिला. "हा मास्टर सिलेंडर सिंगल हाय. एक पाइप फुटला की चारी चाकं मोकळी. पिकअपचा डबल टाकू. एक लाइन फेल गेली तरी दुसरी थांबवती."

घरी येऊन मी हे सुनीताला मोठ्या उत्साहानं समजावलं.

"त्यात नवीन काय? आपलं घर तसंच तर चालतंय!"

*

नवा सिलेंडर लांबीला मोठा. काही केल्या बसेना. मी म्हणालो, "भाई, जागाच नाही."

"एसटीत बी आधी जागा नसतीच," म्हणत सलीमभाईंनी कटर उचलला!

*

मग पाइपातली हवा काढायची होती. अप्पा पेडलवर, सलीमभाई खाली. "दाबा... धरून ठेवा!" तेवढ्यात अजान झाली. सलीमभाईंनी नट आवळला, हात धुतले आणि नमाजला गेले.

अर्ध्या तासानं परत आले, तर अप्पा घामाघूम, पाय पेडलवरच!

"अप्पा, सोडायचा की!"

"तुम्ही सोडा म्हणलाव कुठं?"

*

ट्रायलला सुनीता आली, पण लांब उभी राहिली. तिला बघून सलीमभाई भिंतीला पाठ लावून जीपसमोर उभे राहिले. "आणा अंगावर!"

मी जीप सरळ त्यांच्यावर घेतली. ब्रेक दाबला. जीप दोन हात अलीकडं थांबली. मग सलीमभाईंनी डोळे उघडले.

सुनीता म्हणाली, "उद्या येते." मला तर रडूच यायचं बाकी होतं!

*

दुसऱ्या दिवशी चौघं सहस्रकुंडाला निघालो. सुनीता माझ्या शेजारी, ते दोघं मागं. इस्लापूरच्या अलीकडं उतारावर शेळ्या आडव्या आल्या. जुना ब्रेक तीनदा मारल्याशिवाय लागायचा नाही. सवयीनं मी धाड, धाड, धाड तीनदा मारला. जीपही तीनदा थांबली! अप्पा मागच्या सीटवरून आमच्या दोघांच्या मधे आले. शेळ्या निवांत निघून गेल्या.

सुनीतानं पदर खोचला. माहेरी ट्रॅक्टर चालवलेली बाई ती.

"सलीमभाई, ब्रेक एक नंबर बसवलाव," ती म्हणाली. सलीमभाई खूश, मीही खूश. मग ती माझ्याकडं वळली.

"पाय जुनाच हाय तुमचा. उतरा, मी चालवते!"