मोतिया, सोफिया आणि यासीनचाचा

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात मी वीस वर्षं घालवली आणि तरी चुकीचं गवत कापून आणलं. पेंढी-दोन पेंढ्या नव्हे, टेम्पो भरून. ज्यांच्यासाठी आणलं ते यासीनचाचा आता नाहीत, म्हणून निदान कबुली तरी नीट द्यावी म्हणतो.

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, नाल्याकाठी चाचांची रोशा तेलाची भट्टी होती. रोशा म्हणजे डोंगरात वाढणारं सुगंधी गवत. फुलोऱ्यात आलं की कापायचं, सावलीत सुकवायचं, तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यासोबत उकळायचं. वाफेची नळी नाल्याच्या गार पाण्यातून नेली की पलीकडे पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. चाचांचे आजोबाही हेच करायचे. धुळ्याचे एक अत्तरवाले शेठ चाचांचा डबा न उघडता गाडीत ठेवायचे, आणि चाचांना सगळा अभिमान त्या न उघडण्याचा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा या तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑल आहे, हे मी त्यांना मागे फळा असल्यासारखं समजावून सांगितलं. उकळून झालेलं जुनं गवत जाळात सारत चाचा म्हणाले, "नाव काहीबी ठेवा मास्तर, ते घाईमा निंघत नही."

दुसऱ्या खेपेला माझी कंबर धरली होती. तिळाच्या तेलात थेंबभर घालून चोळा, असं चाचांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण निव्वळ तेल जास्त गुणकारी असणार, असा शास्त्रीय विचार करून मी बाटलीच पाठीवर उपडी केली आणि तासभर नाल्यात बसून राहिलो.

"कंबर कशी शे?" चाचांनी काठावरून विचारलं.

"कंबरेचं काही कळतच नाही."

"मंग गुण उना."

त्यांची एक सवय मला फार आवडायची. गवताचा भारा आला की एक काडी तळहातावर चुरगळायची, डोळे मिटून हुंगायची आणि काही न बोलता मुमताजचाचींच्या हातात द्यायची. चाची हुंगायच्या, मान हलवायच्या, मगच हंडा भरायचा. सत्तरीतलं हे प्रेम पाहून मी घरी बायकोला गवती चहाची पात चुरगळून दिली. तिने ती आधणात टाकली.

त्या वर्षी हंगाम संपत आला होता. शेठचा डबा भरायला एका हंड्याचं तेल कमी पडत होतं आणि मजूर मिळत नव्हते. "गवत मी आणतो," मी म्हणालो.

"वळखशात ना?"

"चाचा, मी शिकवतो ते."

शिकवतो हे खरंच. रोशाचे दोन प्रकार. मोतिया उघड्या, तापलेल्या उतारावर येतो, सोफिया दाट झाडीतल्या ओलाव्यात. दिसायला जुळी भावंडं. मोतियाला गुलाबासारखा वास, सोफियाला सुंठेसारखा, आणि त्याला भाव नाही. हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालतो. पण त्या दिवशी ऊन फार होतं, म्हणून शोधून आणलेल्या चार माणसांना घेऊन मी झाडीत शिरलो. कापणी सावलीत किती झटपट झाली, याचं मला कौतुकही वाटलं.

ते गवत सुकून हंडा चढवायचा दिवस आला, तेव्हा चाची फैजपूरला लेकीकडे गेल्या होत्या. चाचांनी काडी चुरगळली, हुंगली, जरा वेळ तशीच धरली आणि माझ्यापुढे केली. चाचींचा मान मला मिळाला, या आनंदात मी ती वहीच्या पानात जपून ठेवली. चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हंडा भरायला घेतला. दुपारी तेल उतरलं, त्यांनी ते मोठ्या डब्यात ओतलं.

संध्याकाळी चाची एसटीतून उतरून चालत आल्या आणि नाल्याच्या पलीकडेच थांबल्या. "हाई सोफिया कोनी आनी?"

मी चाचांकडे पाहिलं. सकाळपासून ते त्या वाफेशेजारी बसून होते.

"कोरोनाना ताप उना व्हता," ते हळूच म्हणाले, "तवयपासून काहीच वास येत नही, मास्तर. दोन वरीस व्हई ग्यात."

म्हणजे दोन वर्षं ती काडी चाचींकडे जात होती ती प्रेमापोटी नव्हे. निदान नुसत्या प्रेमापोटी नव्हे.

हंगामभराचं तेल बिघडलं होतं. पण रंग तसाच होता, डबा बंद होता, शेठ सकाळी येणार होते. "ते कुठे उघडून बघतात?" मी पुटपुटलो.

"म्हनीसनच उघडना पडी," चाचा म्हणाले.

सकाळी त्यांनी स्वतः झाकण काढलं. "शेठ, मोतियामा सोफिया पडनी. सोफियाना भाव द्या. मन्हं नाक ग्यं. दोन वरीसपासून हाई हुंगस," चाचींकडे बोट करून ते म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच पुढे होऊन गवत मी आणल्याचं सांगितलं. शेठना त्यात फारसं नवल वाटलं नाही.

त्यांनी डबा हुंगला. झाकण परत लावलं. मग चाचींकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी डबा तुम्ही बंद करा, चाची. मी उघडणार नाही."

त्यानंतर चाचांनी दोन हंगाम पाहिले. दोन्ही हंगामांत काडी ते स्वतः हुंगायचे नाहीत, चुरगळून सरळ चाचींना द्यायचे, सगळ्यांदेखत. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

मला जायला हिवाळा उजाडला. भट्टी चालू होती, चाची हंड्याशी बसल्या होत्या आणि शेठही डबा न्यायला आले होते. मी चाचांच्या सचोटीबद्दल बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "बिचाऱ्यांना वास येत नव्हता, म्हणून ते सगळं झालं."

चाचींनी जाळात गवत सारलं.

"त्यासनं नाक ताप लई ग्या, मास्तर. तुम्हनं कोन लई ग्यं व्हतं?"