आत काही हलत नसताना

साल २०१९. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण खोटेपणा मला जमत नाही हे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी चर्चच्या साऱ्या मंडळीला ठाऊक.

बायको गेल्यावर माझी प्रार्थना कोरडी पडली. गीत सुरू झालं की आजूबाजूचे डोळे पुसायचे, हात वर करायचे. मी बाकाची कड धरून नुसता उभा. म्हणून पाच महिने मी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेतला नाही. ज्याच्याविषयी आत काही हलत नाही, त्याच्या मेजावर जेवायला मी काय भिकारी आहे? पण घरीही बसवेना. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांआधी जायचो आणि भाकर वाटायची वेळ आली की बाहेर अंगणात येरझाऱ्या घालायचो. एक भीती कुणाला सांगितली नव्हती. माझा विश्वासच मेला असला तर?

एका शनिवारी, प्रभुभोजनाच्या तयारीच्या सभेनंतर, पाळकसाहेबांनी मला दारात अडवलं. पोरगेलेसे, नगरकडचे.

"काका, उद्या पुढे येताय ना?"

"नाही साहेब. मला काही वाटतच नाही. रडू येत नाही."

"रडायला कोण सांगतंय? रोज महूला भावाकडे जाता म्हणे."

थोरला भाऊ तिथे, बसने तासाभरावर, लकव्याने पडलेला. त्याला आंघोळ मीच घालतो.

"जातो. त्यात काय?"

"तेव्हा प्रेमाचं भरतं येतं?"

"कसलं भरतं. पाणी गरम असलं तर तो म्हणतो जाळतोस, गार असलं तर मारतोस. येताना बसमध्ये मी रोज ठरवतो, बस, कल से नहीं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"मग आंघोळ कोण घालणार, तुम्ही?"

ते हसले. "भावना येते, जाते. प्रीती म्हणजे मन कुठे वळून राहिलंय ते. तुमचं भावाकडे वळलंय, तुम्ही कितीही चिडा."

"आणि देवाकडे?"

"पाच महिने अंगणात येरझाऱ्या कुणापायी घालताय?"

मी चपला घालून निघालो. कालच्या पोराने मला गप्प करावं, याचाच राग आला. घरी येऊन सुनेशी भांडलो, वरणात मीठ नाही म्हणून. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन होतं तसंच कोरडं होतं. बोलावण्याची वाट न बघता उठलो, पुढे जाऊन गुडघे टेकले आणि हात पसरला. रडू आलं नाही. भाकर खाल्ली, द्राक्षरस प्यालो आणि कुणाकडे न बघता जागेवर येऊन बसलो.