डोंगराकडे पाठ

डोंगराला ‘जरा सरकून बस’ असं सांगणारा, आणि डोंगरही ज्याचं निमूट ऐकतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला: अमेरिकेत, सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमधले, वरच्या मजल्यावरचे कोरियन काका. साठी उलटलेले, हाडाचे चित्रकार, आणि चित्रं फक्त डोंगरांची. आमच्या खिडकीतून दिसणारी टेकडी त्यांच्या कागदावर कधी डावीकडे जाई, कधी ढगात बुडे. ‘काका, ही इथे कशी आली?’ विचारलं, तर आपल्या तोडक्या इंग्रजीत म्हणत, ‘तिथे ती अवघडली होती.’

एकदा त्यांना खरे डोंगर दाखवावेत म्हणून मी चार तास ड्राइव्ह केलं. काकांनी एकदाच डोळे भरून पाहिलं, घडीची खुर्ची उघडली आणि त्या एवढ्या थोरल्या पहाडाकडे चक्क पाठ करून बसले. दिवसभर धपाट्यांवर ताव मारला, कागदाला बोट लावलं नाही. बायको वैतागली. ‘यार, एवढं ड्राइव्ह केलं आणि हे पार्किंग लॉट बघतायत!’ काका म्हणाले, ‘समोर असतो तोवर डोंगर त्याचा स्वतःचा. पाठ फिरवूनही दिसला, की माझा.’ घरी परतल्यावर आठ दिवस दार बंद करून ते रंगवत होते.

आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा काका दगडावर शाईची कांडी उगाळत होते. देवासाठी गंध उगाळतायत असं समजून आईने दारातूनच हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची सहाण आणि चंदनाचं खोड त्यांना नेऊन दिलं. काकांनी आधी चंदन उगाळलं, मग त्यातच शाई. सहाण काळीकुट्ट झाली, डोंगर घमघमू लागले. आई आठवडाभर धुसफुसली, मग म्हणाली, ‘असू दे, त्यांचा देव डोंगरातच असेल.’

पुढे मंदीत माझी नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसाही, आणि आम्हाला गाशा गुंडाळावा लागला. मला काकांच्या हातचं एक चित्र हवं होतं, आणि त्यात आम्ही असावं असा हट्टही होता. तीनदा मागितलं. ‘तुम्ही अजून समोर आहात,’ एवढंच उत्तर. निघायच्या दिवशी काका खाली आले, मी, बायको, आई, आम्हा तिघांकडे एकेक करून नीट पाहिलं, आणि गाडी सुरू होताच आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझं डोकंच फिरलं. हात हलवायला काय जातं माणसाचं? बायको मात्र मागे बघत रडायला लागली. ‘अरे, डोंगराला केलं तसंच केलं त्यांनी आपल्याला.’

वर्षभराने पुण्यात पार्सल आलं. उघडताच घरभर चंदनाचा वास. आत धुकं, डोंगर, आणि पायथ्याशी इवलीशी गाडी, गाडीत शाईचे तीन ठिपके. ‘मी काही एवढी जाड नाहीये,’ आई म्हणाली. तिचा ठिपका मोठा होता खरा. काकांचा फोन त्यानंतर कधी लागला नाही, आणि कुणाकडे चौकशी करायचा मला धीर होत नाही. चित्रातले दोन डोंगर मात्र अजून थोडे सरकून बसलेले आहेत, आमच्या गाडीला वाट मिळावी म्हणून.