शेवटचं पान आधी

वाचनालयात आमच्या संघटनेची पत्रकं ठेवायला गेले, तर बाकावर मांडी घालून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कादंबरी वाचत होती. बेटावर अडकलेली पोर आणि तिला जगवणारं पाणमांजर, अशी गोष्ट.

"ताई, आता तिला स्वतःला मासे पकडता येतात," ती अभिमानानं म्हणाली, जणू हिनंच शिकवलं होतं.

मला तिचा हेवा वाटला. आई-बाबा चळवळीत, त्यामुळे आमच्या घरी वाचायला फक्त पत्रकं असायची. पत्रकात मागण्या शेवटी असतात, म्हणून आम्ही शेवटच आधी वाचायचो. त्याच सवयीनं मी तिचं पुस्तक घेतलं आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. पाणमांजर मेलं होतं.

"असं कुणी वाचतं का?" तिचे डोळे भरले. मी माफी मागितली. तिनं पुस्तक ओढून घेतलं, आपलं पान शोधलं.

"अजून चाळीस पानं ते जिवंत आहे."

अन्यायाशी भांडायला मी लहानपणीच शिकले. जे जाणारच आहे त्याच्यासोबत चाळीस पानं कसं राहायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही. मी तिच्या खांद्यावरून वाचू लागले, तेव्हा तिनं पुस्तक पलीकडे वळवलं.