शिंगाड्यांचा तलाव
अलीगंजात हातगाडीवरच्या उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला, की तो तलाव आठवतो. बिल्डरने तो बुजवू नये म्हणून, त्यात शिंगाडे लावणाऱ्या म्हातारीने भरलेला खटला मी एका मदत संस्थेतर्फे फुकट लढवत होतो. स्थगिती मिळायच्या दिवशीच समोरचा वकील हसत म्हणाला, "भाईसाहब, बिटिया की शादी है, तारीख दे दीजिए." वकिलांच्या रिवाजाप्रमाणे मी पुढच्या तारखेला होकार दिला, तोही तोवर भराव थांबवणारी स्थगिती न मागता. बाहेर येऊन म्हणालो, "अम्मा, जज साहब ने तारीख दे दी." "तुम हो तो काहे का डर, भैया," ती म्हणाली. त्या तारखेआधीच तलाव राडारोड्याने भरला. पुढे भेटली की ती जजला शिव्या द्यायची आणि मला दुवा. मी दोन्ही ऐकून घ्यायचो. आता ती नाही. अम्मा, तारीख मी दिली होती.