जाखमातेचा शेंदूर आणि माझा प्रबंध

कर्जत स्टेशनावर मला पोचवायला सगळं गाव आलं होतं, असं मी इथे लंडनमध्ये अनेकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं आहे. त्यात खोटं काही नाही. गाव आलं होतं हे खरंच. ते कशासाठी आलं होतं, एवढंच मी सांगत नाही. ते माझी ट्रंक तपासायला आलं होतं.

घाट उतरून आलेली गाडी दम खात उभी होती. आई पदराने डोळे पुसत होती, थोरली बहीण यमू माझ्या कोटाची कॉलर नीट करत होती. तेवढ्यात आमचे पाटील पुढे आले आणि म्हणाले, "सदा, पेटी उघड रं."

"पाटीलबाबा, आत नुसतं कपडं हायत."

"कपडंच हायत तर मंग उघडाया काय झालं?"

उघडली. फलाटावर, सगळ्यांदेखत. धोतरं निघाली, मुंबईहून शिवून आणलेली विजार निघाली, चित्रांचे गुंडाळलेले कागद निघाले. तेही उलगडून उलटसुलट पाहून झाले. तळाशी फडक्यात बांधलेलं काहीतरी गोल आणि जड हाताला लागलं, तेव्हा गावाचा श्वास अडकला. पाटलांनी गाठ सोडली. आत आईने दिलेला गुळाचा गोळा होता. पाटलांनी बोट लावून चाटून खात्री करून घेतली आणि मगच "जा बाला, सुखरूप जा," म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो गूळ कल्याणपर्यंत माझ्या केसांना चिकटलेला होता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, या सगळ्यात बाजूला उभे होते. गाडी हलली तेव्हा खिडकीशी आले आणि म्हणाले, "कोनाला काय दाखवू नको, नि कोनाचं झाकलेलं बघू नको." विलायतेला निघालेल्या मुलाला बापाने दिलेला हा सगळा उपदेश.

गावाला हसू नका. आमचं गाव कळंबच्याही आत, डोंगराच्या पायथ्याला. आम्ही तिथल्या जाखमातेचे गुरव. राईत, झाडांच्या दाट सावलीत तिचा छातीएवढा उंच दगड आहे. पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढत जाऊन तिचा असा गोळा झाला आहे की चांदीचे दोन डोळे सोडले तर नाक कुठे आणि हात कुठे ते कळत नाही. खाली काय आहे ते गावात कुणी पाहिलेलं नाही. गुरवाचं लक्ष निवदावर, असं जग म्हणतं. आमच्याकडे जगाचं लक्ष गुरवावर असायचं. नारळाची दुसरी वाटी कुठे गेली, कौल लावताना आप्पांचं बोट तांदळाला लागलं की काय, सगळ्यावर पाळत. आणि त्यात मी हा असा निघालो. शेजारच्या गावच्या शिवेवरचा वीरगळ मागे कुणी एक साहेब बैलगाडीत घालून घेऊन गेला होता, तो कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. घाटावर धरणासाठी जमिनी गेल्या, तेव्हाही आधी फीत घेतलेली माणसं आली होती. आणि मी तर फीत घेऊन दगडाच्या मूर्ती मोजण्याचंच शिक्षण घेत होतो. दुधाने तोंड पोळलेल्या लोकांनी ताक फुंकलं, यात त्यांचं काय चुकलं?

मुंबईच्या कलाशाळेत मी चित्रकला शिकलो, एका संस्थानिकाची शिष्यवृत्ती मिळाली आणि डॉक्टरेटसाठी बोटीत बसलो. माझा विषय होता कोकणातल्या जुन्या यक्षींच्या मूर्ती. गावी मी एवढंच सांगितलं होतं की जुन्या मूर्तींवर पुस्तक लिहायचंय. खरं तर मला पहिल्यापासून एकच शंका होती, की आमची जाखमाता ही अशीच एक फार जुनी यक्षी असणार; जाख म्हणजे यक्षच. कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यांत कोरलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. त्याच हातांनी, त्याच काळात आमची जाखमाता घडवली असेल तर? ही शंका मी बोटीवर कुणाला बोललो नाही. आप्पांचा उपदेश.

लंडनमध्ये आलो आणि वाटलं, मी गाव सोडलंच नाही. माझी लँडलेडी मी अंघोळीला गेलो की माझं कपाट उघडून बघायची. नाणं टाकल्यावर पेटणाऱ्या गॅसच्या शेगडीत मी खोटं नाणं टाकतो असा तिचा वहीम होता. संग्रहालयात मूर्तीपुढे अर्ध्या तासाहून जास्त उभा राहिलो की पहारेकरी खाकरायचा. मोठ्या दालनात आमच्याकडून नेलेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, आणि लक्ष कुणावर, तर माझ्यावर! चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हेच. माझे प्रोफेसर भले गृहस्थ, पण मी काढलेली मोजमापाची चित्रं बघून हसत विचारायचे, "ही खरोखर तुम्हीच काढलीत?" आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर डोळा ठेवून असायचो. माझा एक अध्याय त्यांनी जरा जास्तच दिवस ठेवून घेतला, तर मला झोप येईना. हे त्यांच्या नावावर छापून येणार, अशी खात्रीच पटली. तो त्यांच्या कुत्र्याच्या टोपलीखाली सापडला.

तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तुम्हाला हे ठाऊक आहे. आपण भाषा बदलतो, ओव्हरकोट घालतो, चहात साखर वेगळी घ्यायला शिकतो. विश्वास कुणावर टाकायचा आणि कुणावर नाही, हे मात्र घरून शिकून आलेलं असतं, ते बदलत नाही.

दोन वर्षांनी जाखमातेबद्दलची शंका मी प्रोफेसरांना एकदाची बोलून दाखवली. त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, असं असेल तर तुमचा सगळा प्रबंध त्या एका मूर्तीवर उभा राहील. पण शेंदराखाली काय आहे ते प्रत्यक्ष पाहून, चित्र काढून आणा. नाहीतर ती केवळ कल्पना. मला हिवाळ्यापुरतं घरी पाठवण्यात आलं.

मी गावी पोचलो आणि आठवड्याच्या आत जाखमातेचं कवच सुटलं.

हे असं होतं. शेंदूर फार जाड झाला की कधीतरी आपल्या वजनाने निखळतो. शेंदराचं आख्खं कवच खपलीसारखं सुटतं आणि आतला दगड उघडा पडतो. आजोबांच्या काळात एकदा झालं होतं, आप्पांच्या काळात एकदा, मी जन्मायच्या आधी. पण मी येणं आणि कवच सुटणं एकाच आठवड्यात झालं, आता गावाला कोण आवरणार? मी साहेबाचं औषध आणून देवीला रात्री चोळलं, असं म्हणायला लोकांनी दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहिली नाही. काय घडलंय हे कळताच आप्पांनी डोळे मिटून देवीभोवती कांबळं गुंडाळलं होतं, तरी राईत पाटलांचे दोन गडी काठ्या घेऊन बसले. कवचाच्या आतल्या बाजूला मूर्तीचा ठसा असणार, हे माझ्या मनात आलं, पण पाटलांच्या मनात ते आधी आलं होतं. नदीत सोडायच्या आधी त्यांनी ते कवच स्वतःच्या हाताने चुरलं, चुरा माझ्या नाकाखालून नेला आणि म्हणाले, "बघ, झाला भुगा."

मग देवळापुढे बैठक बसली. नवा शेंदूर चढवायचा तो गुरवानेच, पण हा गुरव चालेल का? याचा मुलगा समुद्र ओलांडून आला आहे. काहींचं म्हणणं, सेवा आमच्या चुलतभावाकडे द्या. म्हणजे आप्पांचा सात पिढ्यांचा मान जाणार आणि तो माझ्यामुळे. आप्पा उठले आणि शांतपणे म्हणाले, "शेंदूर मीच चढवनार. नि मागं वाटी द्यायाला माज्या घरातलंच मानूस लागतं. रीतच हाय ती. सदा बसंल."

गलका झाला. पण पाटील विचार करणारे. त्यांनी हिशेब मांडला. मला घरी बसवावं तर मी मागच्या दाराने जाऊन झाडावर चढेन. दुसऱ्या गावी धाडावं तर दुर्बीण घेऊन डोंगरावर बसेन. त्यापेक्षा गावाच्या डोळ्यांसमोर असलेला बरा. ठरलं ते असं: देवीभोवती कांबळ्याचा आडोसा, आत एकटे आप्पा, तेही रीतीप्रमाणे डोळे मिटून. आडोशाला पाठ लावून, गावाकडे तोंड करून मी. शेंदराची वाटी न बघता खांद्यावरून मागे द्यायची. माझी मान वळली तर आप्पांची सेवा गेली.

तसा मी बसलो. सकाळची वेळ होती. सगळं गाव समोर, आणि प्रत्येकाचे डोळे माझ्या मानेवर. मागे आप्पांचा श्वास ऐकू येत होता, दगडावर हात फिरल्याचा आवाज येत होता. माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर माझा प्रबंध उघडा उभा होता. डोक्यात नुसता घण पडत होता, की आता, या घटकेला ती दिसू शकते आणि पुन्हा माझ्या आयुष्यात कधी दिसणार नाही.

शेंदराचं पहिलं बोट लागायच्या आधी ढोल वाजतो आणि सगळं गाव डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकतं. देवीला उघडी पाहायची नाही म्हणून. ढोल वाजला. सगळे वाकले, पाटीलसुद्धा. आणि माझ्या कानाशी आप्पांचा आवाज आला, अगदी हळू. "सदा. कांबळं सारलंय. बघून घे रं बाला. बिगीनं."

मी वळलो नाही.

झाकलेलं बघू नको म्हणणारा माझा बाप मला बघ म्हणत होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की हे मला पारखतायत. पाटलांनी सांगितलं असणार, याला एकदा बघ म्हणून पाहा, वळतो का ते. वाकलेल्यांपैकी कुणीतरी एक डोळा किलकिला ठेवला असणार. मी समोर बघत राहिलो. माझ्यासमोर सगळ्या गावाच्या वाकलेल्या पाठी होत्या आणि एकट्या माझे डोळे उघडे होते. ढोल थांबला. मागून एक हात आला, माझ्या हातातली वाटी घेतली आणि शेंदूर चढायला लागला.

त्या दिवशी जेवताना आप्पा नेहमीसारखेच होते. मी कसोटीला उतरलो असं मला वाटलं. मनातून थोडा फुशारलोसुद्धा.

प्रबंधात जिथे चित्र यायचं तिथे मी लिहिलं, "मूर्ती शेंदराखाली आहे; पाहता आली नाही." पदवी मिळाली, पण तोंडी परीक्षेत मोठा अध्याय एका वाक्यावर कसा आला हे मी सांगितल्यावर एका परीक्षकाने चष्म्यावरून विचारलं, "तुम्ही हातभर अंतरावर होतात आणि पाहिलं नाही?" चित्र मी पुढच्या पुस्तकासाठी दडवून ठेवलंय, असा त्याचा समज आजही आहे. आणि गावात विचाराल, तर मी छातीशी आरसा बांधून बसलो होतो, त्यात सगळं पाहून घेतलं! दोन्हीकडे मी चोर ठरलो, निदान एकीकडे तरी माल मिळायला हवा होता.

मी इथेच राहिलो. एका संग्रहालयात मूर्तींच्या याद्या करतो, संध्याकाळी शिकवतो. आता पहारेकरी मला सलाम करतो, आणि कुणी फार वेळ उभं राहिलं की मीच खाकरतो. आप्पा गेल्याची तार आली तेव्हा मी इथे होतो. पोचणं शक्य नव्हतं.

पुढच्या रजेत गेलो तो आधी खोपोलीला, यमूकडे. तिचे यजमान तिथे वीजघरात कामाला आहेत. ती भाकऱ्या थापत होती, मी चुलीपाशी बसलो होतो. बोलता बोलता शेंदराचा विषय निघाला. मी म्हटलं, "आता सेवा चुलतभावाकडे आलीय, त्याच्या मागे वाटी द्यायला कोण बसणार? त्याला तर मूलबाळ नाही."

यमू थांबली. "कसली वाटी?"

"घरातलं माणूस लागतं ना मागे बसायला. रीत आहे."

"अशी कुठली रं रीत?" ती म्हणाली. "आप्पा मागच्या बारीला एकटंच व्हते की आत. वाट्या भुईवर मांडून ठेवल्या व्हत्या. मी नाय, आई नाय, कोनी बी नव्हतं बसलं. आडोशाआतलं गावाला कुठं दिसतंय?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती तिने उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला बसवायासाठी केली त्यांनी ती रीत. मला सांगितलं व्हतं नंतर. तू कशासाठी आलास ते त्यांनी वळखलं व्हतं. म्हनले, येवढा समुद्र वलांडून तिच्यासाठी आलं पोरगं, त्याला दावावी म्हनलं एकदा. पन त्यानं नाय बघितलं."

"रागावले होते?"

"नाय रं. राग कसला? म्हनले, आपनच शिकवलं त्याला कोनावर इश्वास टाकू नको म्हनून. त्यात आपन बी आलो."

मग ती माझ्या ताटात भाकरी वाढत राहिली आणि मी खात राहिलो. रडू आलं ते तिच्यादेखत आलं, मी ते लपवलं नाही.

इथल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी कधी विचारतं, की इतक्या वर्षांनी तुमचं घर म्हणजे नक्की कुठलं? तुम्ही गावाकडे राहिलेलेही पत्रातून तेच विचारता, जरा वाकडं विचारता, एवढंच. पूर्वी मी कर्जतच्या पुढच्या वाटा सांगायचो, डोंगर सांगायचो. आता सांगत नाही. एका माणसाने एकदा माझ्यासाठी सात पिढ्यांचा मान आणि आपली देवी पणाला लावली आणि माझ्याकडून काही मागितलं नाही. ती जागा माझं घर. मी तिथे होतो, समोर बघत बसलो होतो.