बोंडांचं सरबत

आमच्या घरातली चारही माणसं एकदा एकाच दिवशी मरणार होती, आणि चौघांनीही ते एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं.

सुरुवात पप्पांच्या शुगरनं झाली. वाळूजच्या कंपनीतल्या तपासणीत ती थोडी वाढलेली निघाली, आणि लगेच मोबाईलनं त्यांना कळवलं की निवडुंगाच्या बोंडांवर जगभर संशोधन चालू आहे. याच बोंडांवर मी एम.एस्सी.चा सेमिनार दिला होता. (म्हणजे कागदात बघून पुटपुटले होते. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही.) पप्पांनी मला समोर बसवलं.

"शुगर उतरते का यानं?"

"प्रयोग झालेत. पण बरेचसे उंदरांवर."

"उंदरांची उतरली का?"

"काहींची उतरली, पण..."

"मग झालं तर."

माझं 'पण' आमच्या घरात नेहमी असंच संपतं. हैदराबादला मला पीएच.डी.ची जागा मिळाली होती, तिचंही तेच झालं. "जिला रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणता येत नाही, ती हैदराबादला काय बोलणार?" असं पप्पांचं म्हणणं. (रिक्षाचं खरं आहे. मी जिथं रिक्षा थांबेल तिथं उतरते आणि मागं चालत येते.) होकार कळवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

पप्पांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, गावाकडून पिशवीभर बोंडं घेऊन बजाजनगरला आली. तिच्या मते निवडुंगावर संशोधन करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. पोराला डांग्या खोकला झाला की बोंडाचा रस द्यायचा, गुडघा सुजला की पान गरम करून बांधायचं, आणि बाकी उरेल ते शेताच्या कुंपणाला.

"तुझ्या बापाला लहानपणी हाच रस पाजून वाचवला," ती म्हणाली.

"कशापासून?"

"ते आता आठवत नाय. पण वाचला की."

तिनं बोंडं गॅसवर धरून कुसळं जाळली आणि रस फडक्यातून गाळला. परंपरा आणि विज्ञान यांचं आमच्या ओट्यावर पहिल्यांदाच एकमत झालं होतं, त्यामुळे ज्यांना शुगर नव्हती तेही मोठमोठे ग्लास भरून प्याले. "होऊ नये म्हणून," आई म्हणाली. रंग इतका गडद की तिनं आधी टेबलावरचा नवा कपडा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये गेले आणि सहज खाली पाहिलं. लाल.

आमच्या घरात या विषयाला शब्दच नाही. 'जाऊन येते' एवढंच म्हणतात. कुठं, ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. शाळेत मी जे इंग्रजी शब्द शिकले ते आईला सांगण्यासारखे नव्हते. मी मरेपर्यंत गप्प बसायचं ठरवलं. गप्प बसण्याचा मला सराव आहे.

चहाला घर विचित्र वागू लागलं. आत्या 'जाऊन' आली आणि एकदम हातातल्या पाटल्या उतरवायला लागली.

"शोभा, तुझ्या सासूच्या पाटल्या या, खरं तर तुझ्याच. घाल."

"आक्का, असं काय करता?"

"घाल म्हणते ना."

लग्नापासून आईचा डोळा त्या पाटल्यांवर होता. ती रडायलाच लागली. "मी माहेरी तुमच्याबद्दल लई वाईट बोलले, आक्का."

"माहीत आहे. पाटल्या घाल."

मग पप्पांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हैदराबादला जा तू. मी आज आहे, उद्या नाही."

परवानगी मिळाली होती. वापरायला मी उरणार नव्हते.

दुपारी पप्पा कंपनीत गेले (सुट्टी होती), आई मैत्रिणीकडं, आत्या देवाला आणि मी लायब्ररीत; निदान सांगितलं तरी तसं. तपासून घ्यायचं तर बजाजनगरातल्या लॅबमध्ये कुणीतरी ओळखीचं भेटणार, म्हणून मी बस पकडून थेट शहरातली गुलमंडी गाठली. तिथं एका कापडाच्या दुकानावर लॅब होती. जिना चढून आत गेले, तर बाकावर पप्पा. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली बाटली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पदराखाली डबी घेऊन आई. काऊंटरवर आत्या भांडत होती.

लॅबवाल्यानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. "चारों एकच घर के? कल क्या खाए थे?"

"बोंडं," आत्या म्हणाली.

आणि तेव्हा मला सेमिनारातलं ते वाक्य आठवलं. समोर सर बसले होते म्हणून लाजून मी ते गाळलं होतं. ते मी आता भरलेल्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "त्या फळाचा रंग लघवीत उतरतो. रक्त नाही, रंग आहे."

मग कोपऱ्यातले एक चाचा म्हणाले, "बीट खाल्ल्यानं बी होतं का तसं?" मला श्रोत्यांतून आलेला हा पहिलाच प्रश्न.

लॅबवाल्यानं तरीही पप्पांची बाटली तपासली. रक्ताचा थेंब नव्हता. पप्पांनी सांगितलं म्हणून शुगरही बघितली. होती तेवढीच होती.

जिना उतरताना पप्पांना हुशारी आली. "हैदराबादचं बघू नंतर. आजारपणात माणूस काहीही बोलतो."

"व्हय, बरोबर आहे," आत्या म्हणाली. "शोभा, पाटल्या दे इकडं."

आईनं पदर मनगटावर ओढून घेतला. "आपल्या घरात दिलेला शब्द फिरवत नाहीत," ती पप्पांना म्हणाली. "पोरगी हैदराबादला जाणार म्हणजे जाणार."

माझ्या बाजूनं आई इतकी ठाम कधीच उभी राहिली नव्हती. ती माझ्या बाजूनं उभी नव्हती, हे मला दिसत होतं. तरी होकार मी बसस्टॉपवरूनच कळवून टाकला.

बसमध्ये पप्पा माझ्याशेजारी बसले. तिकिटं काढून झाल्यावर म्हणाले, "हे रंगाचं तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो. माझ्या सेमिनारातच होतं."

"मग त्या पर्समध्ये काय आहे?"

मी पर्स घट्ट धरली. आत जॅमची जुनी बाटली होती, लॅबसाठी भरलेली, दोन पिशव्यांत गुंडाळलेली.

पप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "जा बाई हैदराबादला," ते म्हणाले. "तुला अजून लई शिकायचंय."